नाटकाच्या संहितेला प्रमाणपत्र लागतं, मग लाइट टांगणाऱ्याला का नाही?

रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरसारख्या नाट्यगृहात दुपारच्या नाटकाचा पडदा पडतो. प्रेक्षक बटाटावड्याकडे वळतात आणि कलाकार मेकअप उतरवायला जातात. मंचावर मात्र तेव्हाच खरी धावपळ सुरू होते. एका नाटकाचा सेट सुटत असतो आणि रात्रीच्या नाटकाचा टेम्पो मागच्या दाराशी उभा असतो. फ्लॅट, लेव्हल, दारं-खिडक्या आत येतात. कुणी शिडीवर चढून बारला लाइट टांगतो, कुणी केबल ओढतो, कुणी डिमर जोडतो. दोन-अडीच तासांत दिवाणखाना उभा राहतो आणि तिसरी घंटा होते.

या सगळ्यात कागदपत्रं कुणाची तपासलेली असतात? नाटकाच्या संहितेची. महाराष्ट्रात तिकीट लावून नाटक करायचं तर संहितेला राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. नाट्यगृहाच्या इमारतीला अग्निसुरक्षेची कागदपत्रं लागतात. पण नटाच्या डोक्यावर लाइट टांगणाऱ्या माणसाला त्या कामाचं कोणतंही प्रमाणपत्र कुणी मागत नाही.

असं प्रमाणपत्र असतं का? भारतात ते मिळतं का? आणि लालबाग-परळ-गिरगावच्या बॅकस्टेज कामगाराला त्याचा काही उपयोग होईल का?

बॅकस्टेज म्हणजे नेमकी कोणती कामं?

जाहिरातीत नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, संगीतकार, रंगभूषाकार आणि वेशभूषाकार यांची नावं असतात. ही डिझाइन करणारी माणसं. त्यांनी ठरवलेलं दर प्रयोगाला जसंच्या तसं उभं करणारी माणसं वेगळी असतात. सेट लावणारे, लाइट लावणारे, लाइट आणि साउंड ऑपरेट करणारे, कपडेपट सांभाळणारे, मेकअपला मदत करणारे, प्रॉपर्टी सांभाळणारे. यातल्या बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो. प्रयोगाप्रमाणे पैसे मिळतात, त्याला नाटकाच्या भाषेत 'नाइट' म्हणतात. प्रयोग झाला तर नाइट, रद्द झाला तर काही नाही.

हे लोक एकाच नाट्यगृहात काम करत नाहीत. आज दादर, उद्या गिरगावचं साहित्य संघ मंदिर, परवा कोल्हापूर. प्रत्येक ठिकाणी मंचाची रुंदी, बारची उंची, विजेचा बोर्ड वेगळा. नव्या जागेचा अंदाज पटकन घेणं हेच या कामातलं मोठं कौशल्य आहे.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं. गिरणगावातल्या कामगार रंगभूमीचं ते हक्काचं ठिकाण होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं. याच भागात गणेशोत्सवाचे मंडप, देखावे आणि रोषणाई करणारे हातही तयार झाले. पडद्यामागचं काम इथे अनेकांनी शाळेत नाही, एखाद्या मंडळात किंवा नाटकाच्या गाडीत शिकलं.

धोका नेमका कुठे असतो?

साधा हिशोब पाहू. जुन्या पद्धतीचा पार लाइट साधारण १,००० वॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो सव्वाचार अँपिअरहून थोडा जास्त करंट खेचतो. १५ अँपिअरच्या एका लाइनवर असे तीन लाइट लावले तर १३ अँपिअर होतात, म्हणजे चालतं. चौथा लावला की आकडा १७ च्या पुढे जातो. एमसीबी चांगला असेल तर तो पडतो आणि मंचावर अंधार होतो. पण जुन्या बोर्डात कुणी फ्यूजच्या जागी जाड तार घातली असेल तर काहीच पडत नाही. वायर मात्र आतल्या आत तापत राहते, आणि ती जाते लाकडी फ्लॅट, कापडी झालर आणि पडद्याच्या शेजारून.

एलईडी लाइट आल्यापासून हा भार बराच कमी झाला आहे. तेवढ्याच कामाचा एलईडी पार दीडशे-दोनशे वॅटमध्ये भागतो. पण दुसरा धोका वाढला आहे, तो वजनाचा. साधा पार काही किलोंचा असतो, तर फिरणारा मूव्हिंग हेड लाइट २० किलोंच्या पुढेही जातो. असे सहा-आठ लाइट एका बारवर टांगले तर तो बार, त्याची दोरी आणि त्याचा हूक किती वजन पेलतो, हे कुणाला तरी माहीत असायला हवं. म्हणूनच प्रत्येक लाइटला क्लॅम्पशिवाय वेगळी सेफ्टी चेन लावावी, हा या कामातला पहिला धडा मानला जातो. क्लॅम्प निसटला तरी लाइट खाली पडत नाही.

तिसरा धोका उंचीचा. घाईत, अर्ध्या अंधारात, दुसऱ्याने धरलेल्या शिडीवर उभं राहून दोन्ही हातांनी काम करणं बॅकस्टेजवर रोजचंच आहे.

आग लागली तर काय होतं, हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ही आग लागली. सुदैवाने तेव्हा आत प्रयोग सुरू नव्हता. पण लाकूड, कापड आणि वायरिंग एकत्र असलेली जागा किती वेगाने पेटते, हे राज्यभरातल्या रंगकर्मींनी पाहिलं.

कायदा आज काय सांगतो?

इमारतीबाबत कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, घ्यावं लागतं.

विजेच्या कामाबाबतही नियम आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार (आधी २०१० चे, आता २०२३ चे) वायरिंगमध्ये भर घालणं, बदल करणं किंवा दुरुस्ती करणं ही कामं परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायची असतात. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे परमिट हवं. महाराष्ट्रात हे परवाने राज्य सरकारचं अनुज्ञापक मंडळ देतं. वायरमनच्या परमिटला सरकारी मराठीत 'तारतंत्री' परवाना म्हणतात.

पण याच नियमात एक सूट आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखं किरकोळ काम, ज्याने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ते या अटीतून वगळलं आहे. नाटकाचा प्रश्न इथेच अडतो. बारवर लाइट टांगून प्लग लावला तर ते 'दिवा बदलणं' की 'जोडणीत भर'? तीन लाइट असतील तर एक उत्तर येईल. बाहेरून डिमर रॅक आणून थेट मेन बोर्डातून लाइन घेतली तर उत्तर वेगळं. हे दुसरं काम नियमात बसवायचं तर परमिटधारकच लागतो.

गणेशोत्सवात ही गोष्ट लोकांच्या जास्त अंगवळणी पडली आहे. मंडपासाठी अधिकृत तात्पुरती वीजजोडणी घ्या आणि वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या, असं आवाहन वीज कंपन्या दरवर्षी मंडळांना करतात. नाटकाच्या दौऱ्यावर मात्र असं आवाहन कुणी करताना दिसत नाही.

आणि तारतंत्री परवाना मिळाला तरी तो फक्त विजेपुरता. वजन टांगणं, उंचीवर काम करणं, सेटचा ब्रेस नीट बसवणं, प्रयोग सुरू असताना अंधारात सेट फिरवणं यातलं काहीच त्यात येत नाही.

मग हे लोक काम शिकतात कसं?

हाताखाली राहून. आधी केबल गुंडाळायची, मग लाइट उचलायचे, मग टांगायचे, आणि काही वर्षांनी बोर्डावर बसायचं. ही पद्धत वाईट नाही. जगभरचे रंगमंच तंत्रज्ञ असंच शिकत आले आहेत. अडचण एवढीच की गुरूने चुकीची सवय लावली तर तीही पुढच्या पिढीकडे जाते, आणि शिकलेल्याची नोंद कुठेच राहत नाही.

औपचारिक शिक्षण आहे, पण ते मुख्यतः डिझाइन आणि दिग्दर्शनाकडे झुकलेलं. दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था, मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, पुण्याचं ललित कला केंद्र इथे नेपथ्य आणि प्रकाशयोजना शिकवली जाते. पण दहावीनंतर लगेच कमवायला लागलेला मुलगा तिथपर्यंत पोहोचणं अवघड. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषेला पारितोषिकं मिळतात, त्यांची प्रमाणपत्रं घराघरांत फ्रेम करून लावलेली दिसतात. पण तो गौरव आहे. 'हा माणूस हे काम सुरक्षितपणे करू शकतो' असं ते सांगत नाही.

आयटीआय हा जवळचा मार्ग आहे. लोअर परळच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थांमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा दोन वर्षांचा ट्रेड केला तर पुढे तारतंत्री परवान्याचा रस्ता सोपा होतो. लाइटच्या कामात राहायचं असेल तर आज भारतात कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात वजनदार कागद हाच.

'स्किल इंडिया'चं प्रमाणपत्र यात बसतं का?

काही प्रमाणात. केंद्र सरकारने डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, म्हणजे एनएसक्यूएफ, लागू केला. यात प्रत्येक कामाला एक पातळी दिली जाते आणि ते काम करणाऱ्याला काय काय यायला हवं, हे लिहून ठेवलेलं असतं. मनोरंजन क्षेत्राची मानकं मीडिया अँड एंटरटेनमेंट स्किल्स कौन्सिल ही संस्था तयार करते. साउंड, मेकअप, हेअर, कला दिग्दर्शन अशा भूमिका त्यात आहेत.

ही मानकं तयार करताना डोळ्यांसमोर प्रामुख्याने सिनेमा, टीव्ही आणि ॲनिमेशन होतं. त्यामुळे नाव वाचून फसायला होऊ शकतं. उदाहरणार्थ, यादीतला 'लाइटिंग आर्टिस्ट' शिडीवर चढत नाही. तो कॉम्प्युटरवर ॲनिमेशनच्या दृश्यात प्रकाश टाकतो. कोर्सची फी भरण्याआधी नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टर या सरकारी वेबसाइटवर त्या भूमिकेचं पूर्ण वर्णन वाचणं म्हणूनच गरजेचं.

बॅकस्टेजवाल्यांसाठी यातली सर्वात उपयोगी कल्पना आहे 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग', थोडक्यात आरपीएल. म्हणजे तुम्ही काम करून जे शिकलात, त्याचीच परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचं. पुन्हा वर्षभर वर्गात बसायचं नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत हा मार्ग ठेवला आहे. वीस वर्षं मेकअप करणाऱ्या किंवा साउंड सांभाळणाऱ्या माणसाला तो थेट लागू पडतो.

बाहेरच्या देशांत काय होतं?

अमेरिकेत या कामासाठी ईटीसीपी, म्हणजे एंटरटेनमेंट टेक्निशियन सर्टिफिकेशन प्रोग्रॅम आहे. न्यूयॉर्कमधली ईएसटीए ही मनोरंजन तंत्रज्ञान क्षेत्राची संघटना तो चालवते. रिगिंगच्या पहिल्या परीक्षा २००५ मध्ये झाल्या. नाट्यगृहातलं रिगिंग, मोठ्या स्टेडियममधलं रिगिंग, मनोरंजन क्षेत्रातलं इलेक्ट्रिकल काम आणि तात्पुरती वीजवितरण व्यवस्था अशा वेगवेगळ्या परीक्षा आहेत.

यातल्या तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, ईटीसीपी शिकवत नाही, फक्त तपासते. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असावा, हा त्यामागचा विचार. दुसरी, अनुभव दाखवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. तिसरी, प्रमाणपत्र पाच वर्षांनी संपतं. नूतनीकरणासाठी नवं प्रशिक्षण घेतल्याचं दाखवावं लागतं किंवा पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

ही परीक्षा ऐच्छिक आहे. पण काही नाट्यगृहं आणि कंपन्या 'प्रमाणित रिगर असेल तरच' अशी अट घालतात आणि त्या अटीमुळे कागदाला किंमत येते.

जर्मनीने वेगळा रस्ता घेतला. तिथे १९९८ पासून कार्यक्रम तंत्रज्ञ हा तीन वर्षांच्या प्रशिक्षणाचा अधिकृत व्यवसाय आहे. त्यापुढे 'माइस्टर' ही वरची पदवी. मोठ्या मंचावर प्रयोग करायचा तर तांत्रिक जबाबदारी घेणारा पात्र माणूस हजर असावा, असं तिथले नियम सांगतात.

ही माहिती आपल्यापासून तितकी दूर नाही. दादरमधल्या लाइट बोर्डापासून दिव्यापर्यंत सिग्नल नेणारी डीएमएक्स ५१२ ही पद्धत १९८६ मध्ये अमेरिकेत ठरली आणि तिचं मानक आज हीच ईएसटीए सांभाळते. म्हणजे केबलमधली भाषा जगाची झाली आहे, फक्त ती केबल जोडणाऱ्याची ओळख अजून गल्लीपुरती आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासाठी मराठी नाटकं अमेरिकेत जातात, तेव्हा तिथल्या अनेक मोठ्या सभागृहांत वरच्या बारला हात लावायचं काम स्थानिक प्रशिक्षित तंत्रज्ञच करतात. आपला माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याला खाली उभं राहून सांगावं लागतं.

कागद नसल्याने नेमकं काय बिघडतं?

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने परवानगी मिळाली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंदी आली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला पडदा परत उघडला. नाइटवर जगणाऱ्या माणसाचं उत्पन्न या काळात शून्यावर आलं. मदत करू इच्छिणाऱ्यांसमोर पहिला प्रश्न होता की बॅकस्टेज कामगार म्हणजे नेमकं कोण, आणि ते कुठे नोंदलेलं आहे? नाट्यसंस्था आणि संघटनांच्या याद्या हाच आधार होता. यादीबाहेर राहिलेल्याकडे स्वतःचं काम सिद्ध करायला काही नव्हतं.

सिनेमाच्या सेटवरच्या कामगारांची स्थिती थोडी वेगळी आहे. १९८१ चे सिने कामगारांसाठीचे केंद्रीय कायदे चित्रपटाच्या कामासाठी झाले. मुंबईत फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइजच्या संलग्न संघटनांचं कार्ड ही तिथली ओळख. पण नाटकातला सेट लावणारा त्या कायद्यांच्या व्याख्येत बसत नव्हता. तेच लाकूड, तोच खिळा, पण चित्रनगरीत एक नियम आणि शिवाजी मंदिरात दुसरा.

अपघात झाल्यावर हा फरक जास्त टोचतो. भरपाई मागायची तर पहिला प्रश्न येतो, मालक कोण? निर्माता, लाइटचा ठेकेदार की नाट्यगृह? उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. लाइट टांगणाऱ्याला काम माहीत होतं, हे दाखवणारा कागद तेव्हा त्याच्याच उपयोगाचा असतो.

मग विरोध कशाला?

प्रमाणपत्र सक्तीचं करण्यावरचे आक्षेप खोटे नाहीत. परीक्षा इंग्रजीत आणि कॉम्प्युटरवर झाली तर चाळीस वर्षं काम केलेला माणूस नापास होईल आणि दोन महिन्यांचा कोर्स केलेला मुलगा पास होईल. फी आणि बुडालेल्या नाइटचा खर्च कामगारावरच पडेल. निर्मात्याचं गणित आधीच तंग आहे, त्यात प्रमाणित माणसाचा दर वाढला तर छोट्या संस्था आणि प्रायोगिक नाटकं अडचणीत येतील. आणि कागद विकणाऱ्या संस्था निघतील, ही भीतीही आहेच.

यातल्या बऱ्याच गोष्टींचं उत्तर परीक्षेच्या पद्धतीत आहे. परीक्षा मराठीत, तोंडी आणि प्रत्यक्ष मंचावर व्हावी. अनुभवाला गुण मिळावेत. शिकवणारा आणि तपासणारा वेगळा असावा. सगळ्यांना सक्ती न करता सुरुवात एका माणसापासून व्हावी. म्हणजे प्रत्येक प्रयोगाला लाइट आणि सेटच्या टीममध्ये किमान एक प्रमाणित माणूस. नाट्यगृहाच्या बुकिंग अर्जात त्याच्या नावाची एक ओळ वाढवली तरी बदल सुरू होईल. कागद मागणारं दारावर कुणी नसेल, तर चांगल्यातलं चांगलं प्रमाणपत्रही फ्रेममध्येच राहील.

आज काय करता येईल?

बॅकस्टेजला काम करणाऱ्याला कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही.

- प्रत्येक प्रयोगाची नोंद ठेवा. तारीख, नाट्यगृह, नाटक, केलेलं काम, आणि शक्य असेल तर व्यवस्थापकाची सही. पुढे आरपीएल किंवा कोणत्याही परीक्षेत अनुभव दाखवायला हीच वही लागेल.
- लाइटच्या कामात असाल तर तारतंत्री परवान्याची पात्रता तपासा.
- केंद्र सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून नोंदणी करा. ती मोफत असते आणि १२ अंकी क्रमांक मिळतो. हे कौशल्याचं प्रमाणपत्र नाही, पण सरकारी नोंदीत तुमचं नाव येतं.
- कोर्स घेताना तो एनएसक्यूएफला जोडलेला आहे का, ते आधी बघा.
- आणि आजच्या प्रयोगाला सेफ्टी चेन लावा. त्याला कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही.

प्रेक्षकांनाही एक गोष्ट करता येते. पुढच्या वेळी नाट्यगृहात लवकर पोहोचलात, तर पडदा उघडल्यावर एकदा वर बघा. नटाच्या डोक्यावर शे-दीडशे किलो लोखंड, काच आणि वीज टांगलेली असते. ती कुणी टांगली, हे आज तिकिटावर किंवा जाहिरातीत सापडत नाही. कुठल्याच सरकारी कागदावरही ते नाव नसतं.